सॉफ्टवेअरला वेल्ड दिसत नाही

वेल्ड केलेल्या स्टीलच्या फ्रेमचा ताकदीचा हिशेब सॉफ्टवेअरने केला की तिचं रंगीत चित्र स्क्रीनवर येतं. सगळीकडे निळं, थोडं हिरवं, आणि आडवी तुळई खांबाला मिळते त्या आतल्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा लालभडक ठिपका. बाजूच्या पट्टीवर स्ट्रेसचा, म्हणजे तिथल्या धातूवरच्या ताणाचा, आकडा: 634 मेगापास्कल. स्टील 250 चं, म्हणजे त्यापुढे ते कायमचं वाकू लागतं. हिशेबाने ही फ्रेम कधीच मोडायला हवी होती, पण अगदी तशीच फ्रेम प्रत्यक्षात वर्षानुवर्षं उभी असते. मग कुणीतरी विचारतं, "सॉफ्टवेअर चुकलं का?" आणि दुसरं कुणीतरी म्हणतं, "तो ठिपका सोड रे, तिथे नेहमीच येतो."

दोघंही अर्धेच बरोबर. सॉफ्टवेअरने गणित चोख केलेलं असतं, पण ज्या जोडाचं केलं तो जोड कुठल्याही वेल्डरने कधी मारलेलाच नसतो. आणि ठिपका सोडायचा असेलही, पण का सोडायचा हे न कळता सोडायची सवय लागली की एखाद्या दिवशी खरा ठिपकाही सुटतो.

काड्या, पुठ्ठा आणि माती

अशा सॉफ्टवेअरच्या पोटात जी पद्धत चालते तिला फायनाइट एलिमेंट म्हणतात. हे नाव रे क्लफ या अभियंत्याने 1960 मध्ये रूढ केलं. कल्पना साधी आहे. संपूर्ण फ्रेमचं गणित एकदम सुटत नाही, म्हणून तिचे छोटे तुकडे पाडायचे. एकेका तुकड्याचं वागणं सोपं असतं. तुकडे जिथे एकमेकांना मिळतात त्या बिंदूंना नोड म्हणायचं, आणि प्रत्येक नोड किती सरकला, किती फिरला हे शोधायचं. समीकरणं लाखांत जातात, पण ती संगणकाने सोडवायची आहेत. तुकड्यांच्या या विणीला जाळी म्हणू.

तुकडे मुख्यतः तीन प्रकारचे. शाळेत प्रकल्पासाठी घराचा नमुना करताना आपण काड्या, पुठ्ठा आणि माती वापरायचो, तसंच समजा. तुळईला नुसती रेघ मानलं की ती काडी, म्हणजे बीम एलिमेंट. पत्र्याला जाडी नसलेला पृष्ठभाग मानून जाडी फक्त आकड्याने सांगितली की तो पुठ्ठा, म्हणजे शेल. आणि सगळा आकार जसाच्या तसा भरला की ती माती, म्हणजे सॉलिड.

बहुतेक फ्रेम काड्यांनीच सोडवल्या जातात आणि ते योग्यच आहे. पण काड्यांच्या नमुन्यात जोड म्हणजे काय? दोन रेघा एका बिंदूत मिळतात, बस. तिथे वेल्ड नाही, पत्र्याची जाडी नाही, फट नाही. शिवाय तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही, तर सॉफ्टवेअर एक गोष्ट गृहीत धरतं: दोन रेघांमधला कोन कधीही बदलणार नाही. काटकोन असेल तर वजन आल्यावरही तिथे काटकोनच राहील. हे मत सॉफ्टवेअरचं नसतं. न बोलता तुम्हीच ते दिलेलं असतं.

"घट्ट धरलं म्हणजे सुरक्षितच की!"

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकला आहे, आणि तो चुकीचा आहे. आकडे घेऊन बघू. 4 मीटरची तुळई, तिच्यावर दर मीटरला 10 किलोन्यूटन, म्हणजे साधारण एक टन वजन पसरलेलं. तुळई वाकवू पाहणाऱ्या जोराला मोमेंट म्हणतात.

तुळई दोन्ही टोकांना नुसती टेकवली, विटांवर फळी ठेवावी तशी, तर मधोमध मोमेंट येतो 20 किलोन्यूटन मीटर आणि टोकांना शून्य. टोकं भिंतीत पुरल्यासारखी घट्ट धरली, तर टोकांना 13.3 आणि मध्ये फक्त 6.7. मधला आकडा थेट एक तृतीयांश झाला! डिझायनरने जोड पूर्ण घट्ट धरला आणि मधल्या 6.7 वर खूश होऊन हलका सेक्शन, म्हणजे हलक्या छेदाची तुळई, निवडला, पण प्रत्यक्षात जोड थोडा जरी ढिला निघाला, तर टोकांनी न उचललेला मोमेंट मध्ये सरकतो. वजन कुठे गायब होत नाही. टोकाचा आणि मधला आकडा मिळून बेरीज 20 च राहणार.

खरे वेल्डेड जोड बहुधा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. जोडाचा घट्टपणा मोजायचा तर एवढंच विचारायचं: तो एक एकक फिरवायला किती मोमेंट लागतो? या आकड्याची तुलना तुळईच्या स्वतःच्या ताठपणाशी करतात. हा ताठपणा म्हणजे ई आय भागिले एल: धातूचा कणखरपणा गुणिले सेक्शनच्या आकाराचा आकडा, भागिले लांबी. आपल्या तुळईचे दोन्ही जोड याच्या 6 पट घट्ट असतील तर टोकांना 10 आणि मध्ये 10 असा बरोबर समसमान वाटा पडतो. वाकण्यातला फरक याहून बोलका आहे. पूर्ण घट्ट तुळई 1 मिलिमीटर वाकत असेल, तर नुसती टेकवलेली 5 मिलिमीटर वाकते आणि ही 6 पटवाली 2 मिलिमीटर.

युरोपातल्या स्टीलच्या मानकात, युरोकोड 3 मध्ये, जोडांची वर्गवारी याच पटींवर केली आहे. अर्ध्या पटीच्या खाली असेल तर जोड सुटा समजायचा. इमारतीला आडव्या जोरासाठी वेगळे तिरके आधार असतील तर 8 पटींच्या वर घट्ट; तसे आधार नसतील तर 25 पटींच्या वर. मधले सगळे अर्धघट्ट.

डब्याचं झाकण

वेल्ड चारही बाजूंनी भरभक्कम मारला असताना जोड ढिला कसा होईल? कारण ढिलाई बहुतेक वेळा वेल्डमध्ये नसतेच, ती वेल्डच्या शेजारच्या पत्र्यात असते.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण मधोमध अंगठ्याने दाबा, टपकन आत जातं. कडेपाशी दाबा, हलतसुद्धा नाही. चौकोनी पोकळ खांबाला त्याच्याहून अरुंद पोकळ तुळई मधोमध वेल्ड केली की हेच घडतं. तुळईची वरची कड खांबाचा पत्रा बाहेर ओढते, खालची कड आत ढकलते, पत्रा श्वास घेतल्यासारखा हलतो आणि तुळई फिरते. वेल्ड शाबूत, तुळई सरळ, तरी कोन बदललेला. तुळई खांबाएवढीच रुंद असेल तर जोर थेट खांबाच्या बाजूच्या भिंतींत जातो आणि जोड कितीतरी घट्ट होतो. रेघांच्या नमुन्यात या दोन जोडांत काडीचाही फरक दिसत नाही.

आय सेक्शनच्या, म्हणजे इंग्रजी I सारखा छेद असलेल्या, खांबात दुसरी गंमत असते. तुळईसमोरचा खांबाच्या मधल्या पत्र्याचा चौकोन कलून पतंगासारखा होतो. याउलट रेघ खांबाच्या मध्यरेषेपर्यंत जाते आणि खरी तुळई खांबाच्या तोंडाशीच संपते, त्यामुळे नमुन्यातली तुळई खऱ्यापेक्षा लांब, म्हणजे मऊ ठरते. एक चूक घट्ट करणारी, दुसरी मऊ करणारी. पुष्कळदा दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्तर ठीक येतं. याला नशीब म्हणावं, अचूकपणा नव्हे.

यावरचा उपाय फार महाग नाही. फक्त त्या एका जोडाचा पुठ्ठ्याचा, म्हणजे शेलचा, छोटा नमुना करा. तुळईच्या टोकाला ठरावीक मोमेंट द्या, जोड किती फिरला ते वाचा आणि तुळईचं स्वतःचं वाकणं त्यातून वजा करा. मोमेंट भागिले फिरणं हा तुमचा स्प्रिंगचा आकडा. मोठ्या काड्यांच्या नमुन्यात त्या नोडवर तेवढ्या ताकदीची फिरणारी स्प्रिंग बसवा. एकसारखे चाळीस जोड असतील तरी छोटा नमुना एकच पुरतो.

जोडताना होणारी फसगत

आता काही सापळे. यांतला पहिला इतका साळसूद आहे की अनुभवी माणूसही त्यात पडतो. सॉलिड तुकड्याचा नोड फक्त सरकू शकतो. तो फिरला किती, याची नोंद त्याच्याकडे नसते. बीमचा नोड सरकतोही आणि फिरतोही. आता बीमचं टोक सॉलिडच्या एका नोडला चिकटवलं तर काय होईल? सरकणं जुळलं, फिरणं कुणी धरलंच नाही. म्हणजे भक्कम वेल्डच्या जागी तुम्ही बिजागरी बसवली. चित्रात सगळं नीट जोडलेलं दिसतं. काही वेळा सॉफ्टवेअर कुरकुर करतं, पण फ्रेमला दुसरीकडे आधार असेल तर गुमान उत्तर देतं.

म्हणून बीमच्या टोकापासून सॉलिडच्या पूर्ण तोंडावर पसरणारे दुवे टाकतात; कोळ्यासारखे दिसतात म्हणून त्यांना स्पायडर म्हणायची पद्धत आहे. त्यातही दोन जाती. एक कडक: ते तोंड अजिबात आकार बदलू शकत नाही, त्यामुळे जोड खऱ्यापेक्षा ताठ होतो. दुसरी फक्त जोर वाटून देणारी, ताठपणा न वाढवणारी. कुठली वापरली ते अहवालात लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

दुसरा सापळा "बाँडेड" या शब्दात आहे. दोन भाग एकमेकांना टेकलेले दिसले की बरीच सॉफ्टवेअर आपणहून ते पृष्ठभाग सरसकट चिकटवून टाकतात. खऱ्या जोडात कोपऱ्यात भरलेला तिकोनी फिलेट वेल्ड फक्त कडेने धरतो. मधे दोन पत्रे नुसते एकमेकांना टेकलेले असतात आणि त्यांच्यात केसाएवढी फट असते. ती फट म्हणजे तयार चीरच. तडा पुष्कळदा तिथूनच, वेल्डच्या मुळातून, सुरू होतो. बाँडेड केलं की फट गेली, मूळ गेलं, आणि तडा कुठून निघेल हा प्रश्नच पुसला गेला.

ही फट किती महाग पडते ते 17 जानेवारी 1994 रोजी कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिजच्या भूकंपात दिसलं. वेल्डेड स्टीलच्या इमारती कोसळल्या नाहीत, पण नंतर आच्छादनं काढून पाहिलं तर अनेक इमारतींत तुळईच्या खालच्या पट्टीपाशी, खांबाच्या जोडाला तडे गेले होते. हिशेबाप्रमाणे तुळई आधी सावकाश वाकायला हवी होती. त्याऐवजी जोड काचेसारखा तडकला. अनेक कारणं सापडली. त्यांत एक होतं वेल्ड मारताना खाली लावलेली आधारपट्टी तशीच ठेवणं. आधारपट्टी आणि खांब यांच्यामधली न वितळलेली फट खाचेचं काम करत होती.

तिसरा सापळा शेलचा. शेल पत्र्याच्या मध्यावर असतो. 10 मिलिमीटर पत्र्यावर दुसरा पत्रा उभा केला तर दोन शेलमध्ये 5 मिलिमीटरचं अंतर उरतं. तसंच सोडलं तर नमुन्यात जोडच नाही. ते अंतर उभा पत्रा वाढवून भरा, किंवा वेल्डच्या जागी तिरके शेल टाका. फटीगचा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या वजनाने तडा जाण्याचा, प्रश्न असेल तर तिरके शेल अधिक बरे.

ठिपका खरा की खोटा

पुन्हा त्या 634 कडे येऊ. स्ट्रेस म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर येणारं बल. मेगापास्कल हे त्याचंच माप. आता सांगा, टोकाला अजिबात रुंदी नसलेल्या सुईखाली दाब किती असेल? क्षेत्रफळ शून्य, म्हणजे उत्तर अनंत. नमुन्यातला आतला काटकोन तसाच आहे. खऱ्या जोडात तिथे वेल्डचा थोडासा गोलवा असतो आणि धातू किंचित दबून जोर शेजाऱ्याला वाटून देतो. नमुन्यात कोपरा गणिती धारेचा असतो आणि धातू कितीही ताणला तरी न दबणारा.

"मग जाळी बारीक करू या, उत्तर सुधारेल." इतर ठिकाणी सुधारतं, इथे बिघडतं. अशा काटकोनात जाळीचा तुकडा निम्मा केला की स्ट्रेस साधारण 37 टक्क्यांनी वाढतो. समजा 20 मिलिमीटरच्या जाळीला 180 आला. 10 ला 247, 5 ला 338, 2.5 ला 463 आणि 1.25 ला 634. आणखी बारीक करा, आणखी वाढेल, थांबणार नाही. म्हणजे 634 हा जोडाचा गुण नाही, जाळी किती बारीक केली त्याची ती पावती आहे. ठिपका खोटा ओळखायची सोपी खूण हीच: जाळी दोनदा निम्मी करा. आकडा एका जागी स्थिरावला तर ऐका, पळतच राहिला तर त्या बिंदूवरचा आकडा कामाचा नाही.

मात्र ठिपका खोटा म्हणजे जागा सुरक्षित, असं नाही. जोर तिथे एकवटतो हे खरंच आहे. फक्त किती, ते त्या बिंदूवर वाचता येत नाही.

मग वेल्ड तपासायचा कसा

साध्या, न हलणाऱ्या वजनासाठी माझं मत स्पष्ट आहे: वेल्डचा मणी, म्हणजे जोडावर थिजलेली धातूची रेघ, नमुन्यात काढत बसू नका. नमुन्याकडून फक्त जोडावरचे जोर घ्या आणि वेल्ड कागदावर तपासा. आपल्या तुळईच्या टोकाला 10 किलोन्यूटन मीटर मोमेंट आहे. तुळई 200 मिलिमीटर उंच धरली तर वरची पट्टी साधारण 50 किलोन्यूटनने ओढली जाते. पट्टी 100 मिलिमीटर रुंद, तिच्या बाहेरच्या बाजूने 6 मिलिमीटर लेगचा फिलेट वेल्ड. लेग म्हणजे तिकोनाची बाजू. वेल्डमध्ये तुटायची सगळ्यात अरुंद जागा म्हणजे थ्रोट, ती लेगच्या 0.7 पट, इथे 4.2 मिलिमीटर. क्षेत्रफळ 420 चौरस मिलिमीटर, स्ट्रेस सुमारे 119 मेगापास्कल. हा आकडा मानकातल्या मर्यादेशी ताडायचा. दोन मिनिटांचं काम, आणि मानकांतल्या मर्यादा मुळात अशाच हिशेबासाठी, चाचण्यांवरून बांधलेल्या आहेत. स्क्रीनवरचा लाल ठिपका त्या मर्यादेशी ताडणं म्हणजे किलोच्या मापाने लांबी मोजणं.

वेल्डचा धातू वेगळा द्यावा का, असंही विचारतात. स्टीलला गरज नाही. ताठपणा जवळजवळ तोच. ॲल्युमिनियमला मात्र जपा. उष्णतेने कठीण केलेल्या काही मिश्रधातूंची ताकद वेल्डशेजारी जवळपास निम्म्यावर येते. ताठपणा बदलत नाही, म्हणून चित्रात काहीच दिसत नाही, पण मर्यादा बदलते.

पुन्हा पुन्हा येणारं वजन

क्रेनची तुळई, ट्रेलरची चासी, हलणाऱ्या यंत्राची फ्रेम यांची गोष्ट वेगळी. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटते. याला फटीग म्हणतात. वेल्डेड जोडात फटीगचा कायदा कडक आहे: आयुष्य स्ट्रेसच्या चढउताराच्या घनाप्रमाणे घटतं. चढउतार दुप्पट, आयुष्य एक अष्टमांश. स्ट्रेसमध्ये नुसती 20 टक्के चूक झाली तरी आयुष्याचा अंदाज 1.7 पटींनी चुकतो. "फॅक्टर ऑफ सेफ्टी आहे ना" हे उत्तर इथे फार पुरत नाही. भारी प्रतीचं स्टील वापरूनही फायदा नाही, कारण वेल्डच्या कडेला सूक्ष्म दोष आधीपासूनच असतात. तडा सुरू व्हायची वाट बघावी लागत नाही.

इथे खोट्या ठिपक्याला वळसा घालायची छान युक्ती आहे, हॉट स्पॉट पद्धत. धारेवर वाचायचंच नाही. वेल्डच्या कडेपासून पत्र्याच्या जाडीच्या 0.4 पट आणि 1 पट अंतरावर स्ट्रेस वाचायचा आणि सरळ रेघ मागे ओढून कडेवरचा अंदाज काढायचा. पहिला आकडा गुणिले 1.67, वजा दुसरा गुणिले 0.67. पत्रा 10 मिलिमीटरचा, 4 मिलिमीटरवर चढउतार 150 आणि 10 मिलिमीटरवर 130 असेल, तर कडेला 163. जोर वाहणाऱ्या फिलेट वेल्डच्या कडेसाठी आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेची शिफारस 90 ची आहे, म्हणजे 90 मेगापास्कलच्या चढउताराला 20 लाख फेऱ्या. घनाचा नियम लावला की 163 ला सुमारे 3.4 लाख फेऱ्या उरतात. मात्र ही पद्धत वेल्डच्या कडेच्या तड्यासाठी आहे. मुळातल्या तड्यासाठी वेगळा हिशेब लागतो.

आणि कोणता वेल्ड तपासायचा? 27 मार्च 1980 रोजी उत्तर समुद्रात अलेक्झांडर कीलँड हा राहण्यासाठी वापरला जाणारा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला. 212 पैकी 123 माणसं गेली. सुरुवात झाली एका तिरक्या आधारनळीवर, पाण्यातला आवाज टिपणारं यंत्र बसवण्यासाठी लावलेल्या छोट्या तुकड्याच्या 6 मिलिमीटर फिलेट वेल्डपासून. तडा रंगकामाच्या आधीचा होता. चिरेच्या आत रंग सापडला. असा तुकडा काड्यांच्या नमुन्यात कुणी काढत नाही, कारण तो भार वाहत नाही. पण ज्या नळीला चिकटला ती वाहते.

"सॉफ्टवेअर महागडं आहे, ते सांभाळेल की"

23 ऑगस्ट 1991 रोजी नॉर्वेत स्लाइपनर ए या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा प्रचंड पाया चाचणीत बुडाला. तिथे वेल्ड नव्हता, सॉफ्टवेअर नावाजलेलं होतं. पण भिंती एकमेकींना मिळतात त्या सांध्यांवर जाळी भरड आणि वेडीवाकडी होती, आणि भिंत कातरू पाहणारा स्ट्रेस 47 टक्के कमी निघाला. नंतर नीट जाळीने गणित केलं तर पाया 62 मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात तो 65 मीटरवर फुटला होता. तेच गणित आधी केलं असतं तरी तेवढंच अचूक आलं असतं.

आपल्या फ्रेमसाठी इतकं मोठं काही लागत नाही. पहिली फ्रेम तयार झाली की तुळईवर मोजून वजन ठेवा आणि मधोमध डायल गेज, म्हणजे बारीक सरकणं मोजणारं काट्याचं मापयंत्र, लावा. पूर्ण घट्ट धरून हिशेब 1 मिलिमीटरचा आला होता आणि गेज 2 च्या आसपास थांबला, तर जोड 6 पटीवाला आहे, मधल्या सेक्शनवरचा मोमेंट पुन्हा काढा. 4 च्या पुढे गेला तर तो घट्ट जोड म्हणून विसराच. फक्त गेजचा स्टँड जमिनीवर टेकवा. त्याच फ्रेमवर टेकवलात तर गेजही फ्रेमबरोबर खाली जाईल आणि जोड अगदी झकास असल्याचं सांगेल.